शोध फी, वीस रुपये

निपाणीत, तंबाखूच्या वखारीमागच्या बोळात
सालोमी नर्सचं घर आहे. तीन खोल्या, एक पडवी.
बाहेर पाटी: वर कन्नड, खाली मराठी,
दोन्हीत ‘संग्रहालय’ एवढंच वाचता येतं,
बाकीचं उन्हानं खाल्लंय.

तिकीट दहा रुपये. मी फाडते.
मार्चात एकवीस फाडली,
त्यातली नऊ शाळेची, ती अर्ध्या दरात,
आणि एक पोरगा तर आत जाऊन
बाळं तोलायच्या काट्यात बसायला बघत होता.
विजेचं बिल सहाशे चाळीस.
कौलं शाकारायचे तेवीस हजार,
ते ट्रस्टच्या वहीत तीन वर्षं
‘पुढील बैठकीत’ आहेत.

पारिसा उपाध्ये, आमचे सेक्रेटरी,
अर्ज घेऊन बेळगावला गेले. साहेब म्हणाले,
कागद सगळे मराठीत, भाषांतर करून आणा.
मग कोल्हापूरला गेले. तिथले म्हणाले,
घर तुमचं पलीकडं, आम्ही काय करणार?
येताना कोगनोळी नाक्यावरनं मला फोन:
“शेवंताबाई, चहा मात्र दोन्हीकडं दहालाच.”

सल्ले फुकट मिळतात.
कॅफे काढा. लग्नाआधीचे फोटो काढू द्या पडवीत.
पुण्याची एक पोरगी आलेली, म्हणाली,
“गोष्ट सांगा मावशी, लोकांना गोष्ट लागते.”
मी काय गोष्ट सांगू?
बाई नगरकडनं आली, सायकल शिकली,
वखारीच्या धुळीत शिंकत बाळंतपणं केली.
कात्री इथं आहे. रबरी नळी होती, ती तडकली.
आणि कपाटात सात वह्या, लाल पाठीच्या.
‘हात लावू नये’, हे अक्षर माझंच.

दिवाळीनंतर मल्लव्वा आली. तिकीट न घेता.
पेन्शनच्या टेबलानं तिला वय विचारलेलं.
ती म्हणाली, मोठ्या वखारीला आग लागली त्या वर्षीची.
टेबल म्हणालं, कागद.
“आई सांगायची, नर्सबाई लिहून ठेवायची.”

किल्ली सापडायला अर्धा तास गेला.
वही चौथी. पानांत एक चपटं झुरळ.
अक्षर बारीक, उजवीकडं कललेलं, घाईतलं:
बायव्वा कोम सिद्राम, विड्या वळते. मुलगी.
पहाटे. साडेपाच पौंड. आईला पेज द्यावी.
फी: बाकी.

मल्लव्वाला वाचता येत नाही.
मी दाखवली त्या ओळीवर तिनं बोट ठेवलं.
“इदु नंदे,” म्हणाली. हे माझंच.
मी पाटीकडं बघितलं, आणि गप्प बसले.

आता बुधवारी लोक येतात.
शोध फी वीस, झेरॉक्सचे दोन, शिक्का फुकट.
रसूल मुल्ला कागलहून आला, वही सहावी.
त्याला कुणी सांगितलं नव्हतं,
त्याच्यामागनं दहा मिनिटांनी
अजून एक ओळ होती:
मुलगी. रडली नाही.
तो पडवीत बसला. पाणी प्याला.
जाताना त्या ओळीचे वीस वेगळे दिले.
मी पावतीवर नाव काय घालू ते विचारलं नाही.

पुण्याच्या पोरीनं कळवलंय,
अशा उघडत राहिलात तर पाच वर्षांत कागद जाईल.
बंद ठेवल्या तर घर त्याआधी जाईल,
मी कळवलं.
दोघींचंही खरं असेल.
मी हात धुते, पुसते, मग पान उलटते.
कौलांना अजून सतरा हजार कमी आहेत.

एका रिकाम्या दुपारी मी सातही वह्यांतली
‘फी: बाकी’ बेरीज केली.
एकोणीसशे चार रुपये, बारा आणे.
पारिसा म्हणाले, ताळेबंदात घेऊ, ‘येणे’ म्हणून.
ऑडिटरनं चष्मा वर केला: कुणाकडून?
मी खिडकीकडं हात केला.
शाळा सुटली होती,
तो काट्यात बसणारा पोरगाही होता त्यात,
दप्तर डोक्यावर घेऊन.